दुकान एक, दारे अनेक

खंडव्याच्या रेल्वे स्थानकाची एक जुनी गोष्ट आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस चांगली आठवत असेल. मुंबईहून भुसावळ, बऱ्हाणपूर ह्या मार्गाने येणारी गाडी रुंद रुळांवरून धावे. त्या दोन रुळांमधील अंतर १,६७६ मिलिमीटर. अकोल्याकडून येणारी गाडी मात्र अरुंद रुळांची. तेथे हे अंतर अवघे एक मीटर. दोन्ही गाड्या खंडव्यास येत. पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर कधीच चढू शकत नसे. प्रवाशाला बोचकी-गाठोडी सावरीत गाडी बदलावी लागे. ह्यात प्रवाशाचा काही अपराध होता काय? मुळीच नाही. रूळ घालणाऱ्यांनी सर्वत्र एकच माप पाळले नव्हते, आणि त्याचा त्रास प्रवाशाच्या डोक्यावर येऊन बसला होता, एवढेच.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण असे, की आंतरजालावरील दुकानांच्या बाबतीत नेमका हाच प्रकार आपल्या डोळ्यांदेखत घडत असतो. पावसाळ्याच्या तोंडी आमच्या परिचयाच्या एका शेतकरी गृहस्थांना फवारणीच्या पंपाचा एक सुटा भाग हवा होता. खकनारच्या बाजारात तो मिळेना, आणि बऱ्हाणपूरला जावे तर पेरणीच्या दिवसांतील एक दिवस मोडतो. म्हणून त्यांनी आपल्या जुन्या मोबाइलवर एक दुकान उघडले. वस्तू सापडली, किंमत पटली, पत्ताही लिहून झाला. आता शेवटचे बटण दाबावयाचे, तर ते बटणच कोठे दिसेना! पाच-सहा वेळा खटपट करून ते आमच्याकडे आले आणि म्हणाले, “मास्तर, आपल्याला काही हे जमायचं नाही. हे शिकलेल्यांचं काम.” शेजारच्या मुलाच्या नव्या मोबाइलवर तेच दुकान उघडले, आणि दोन मिनिटांत मागणी नोंदली गेली. वस्तू चार दिवसांनी घरपोच आली. परंतु त्यांचे ते वाक्य आमच्या मनात घर करून राहिले. दोष त्यांचा नव्हता. मग तो कोणाचा होता, आणि तो टाळता येतो काय, ह्याचा विचार ह्या लेखात करावयाचा आहे.

प्रथम ब्राउझर म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज, ऑपेरा ही नावे आपण ऐकलेली असतात. आंतरजालावरील पान उघडून दाखविणाऱ्या ह्या निरनिराळ्या आज्ञावल्या होत. पुष्कळांची अशी समजूत असते, की दुकानाचे पान छापील चित्राप्रमाणे तयार होऊन आपल्या मोबाइलवर येते. तसे होत नाही. दूरच्या संगणकाकडून येतात त्या मुख्यतः लेखी सूचना. छायाचित्रे तेवढी तयार येतात, पण ती कोठे व केवढी मांडावयाची हेही त्या सूचनाच सांगतात. त्या वाचून पान उभे करण्याचे काम आपल्या मोबाइलमधील ब्राउझर करतो. घराचा नकाशा एकच असावा, आणि तो वाचून घर बांधणारे गवंडी गावोगावी निरनिराळे असावेत, तसाच हा प्रकार आहे. नकाशातील एखादी खूण एका गवंड्यास कळली व दुसऱ्यास कळली नाही, तर एकाच्या घरास दार येईल आणि दुसऱ्याच्या घरास नुसती भिंत.

ह्या सूचना तीन भाषांत लिहिलेल्या असतात. पहिली एचटीएमएल, ही पानाचा सांगाडा सांगते. येथे मथळा आहे, येथे छायाचित्र आहे, येथे पत्ता लिहिण्याचा रकाना आहे, असे ती सांगते. दुसरी सीएसएस, ही रंगरूप व मांडणी ठरविते. तिसरी जावास्क्रिप्ट, ही पानास हालचाल देते. वस्तूंची संख्या वाढविताच एकूण रक्कम बदलते, ते हिच्यामुळे. आता ह्या तीन भाषांच्या स्वभावांत एक मोठा भेद आहे, आणि आपल्या विषयाचे मर्म त्या भेदातच साठविलेले आहे. एचटीएमएलमधील एखादी खूण ब्राउझरला कळली नाही, तर तो ती खूण सोडून देतो, पण तिच्यातील मजकूर दाखवितो. सीएसएसमधील एखादी ओळ कळली नाही, तर तेवढी ओळ गाळून तो पुढे जातो. जावास्क्रिप्टचे मात्र असे नाही. तिच्या एखाद्या लेखात व्याकरणाची एकच नवी रचना आली आणि जुन्या ब्राउझरला ती अपरिचित असली, तर तो सबंध लेखच तो बाजूला ठेवतो. मग त्या लेखावर अवलंबून असलेले ‘खरेदी करा’ हे बटण डोळ्यांना दिसत राहते. पण दाबले तरी काहीच घडत नाही. भिंतीवर रंगविलेल्या दारासारखी त्याची अवस्था होते.

हे भेद मुळात निर्माण कसे झाले, हे पाहावयाचे तर थोडे मागे गेले पाहिजे. टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळील सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९९० मध्ये पहिला ब्राउझर तयार केला. १९९३ मध्ये मोझेइक, १९९४ मध्ये नेटस्केप नॅव्हिगेटर आणि १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर असे एकामागून एक ब्राउझर पुढे आले. नेटस्केप व मायक्रोसॉफ्ट ह्यांच्यात मोठी चुरस लागली, आणि आपलाच ब्राउझर लोकांनी वापरावा म्हणून प्रत्येकाने आपापल्या खास खुणा निर्माण केल्या. त्या काळी पुष्कळ पानांच्या तळाशी ‘हे पान अमुक ब्राउझरमध्येच उत्तम दिसेल’ अशी सूचना लिहिलेली असे. दुकानाच्या दारावर ‘अमुक वहाणा घालणाऱ्यांनीच आत यावे’ अशी पाटी लावण्यासारखेच हे नव्हे काय?

मापांचा घोटाळा तर ह्याहून मौजेचा होता. समजा, सुताराकडे पेटी करावयास दिली आणि ‘रुंदी दोन फूट’ एवढेच सांगितले. ही रुंदी आतली की फळ्यांची जाडी धरून बाहेरची? सीएसएसचा पहिला प्रमाणित मसुदा १९९६ च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रुंदी ही आतल्या मजकुराची धरली होती. पण इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीपर्यंत तो ब्राउझर कड व मोकळी जागा धरून बाहेरची रुंदी मोजत असे. परिणामी एकाच पानावरील चौकटी एका ब्राउझरमध्ये शेजारी शेजारी बसत, तर दुसऱ्यात एकीखाली एक घसरत. पुढे २००१ मधील सहाव्या आवृत्तीत ही चूक प्रमाण रीतीने लिहिलेल्या पानांपुरती दुरुस्त झाली. परंतु ती आवृत्ती पुढील पाच वर्षे जवळजवळ तशीच राहिली, आणि पाने रचणाऱ्यांना तिच्यासाठी वेगळी डागडुजी करावी लागली. अखेर १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररला निवृत्त केले.

आपल्या मराठीनेही ह्या गोंधळाचे चटके सोसलेले आहेत. देवनागरी लिपीला युनिकोड ह्या जागतिक संकेतात १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान होते. तरीही पुढे कित्येक वर्षे भारतीय भाषांतील अनेक संकेतस्थळे आपापला स्वतंत्र अक्षरसंच वापरीत. तो अक्षरसंच आपल्या संगणकावर नसला, किंवा ब्राउझरला तो उतरवून घेता आला नाही, तर मराठी बातमीच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांगोळी दिसे. रुपयाच्या चिन्हाचीही तीच कथा. डी. उदयकुमार ह्यांनी रेखाटलेले ‘₹’ हे चिन्ह भारत शासनाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यास युनिकोडमध्ये स्थान मिळाले. पण त्यापूर्वीचा अक्षरसंच असलेल्या मोबाइलवर किमतीच्या आधी हे चिन्ह न उमटता रिकामी चौकट उमटते. ह्यावर उपाय अगदी साधा आहे: अंकापूर्वी ‘रु.’ असे लिहावे. ते कोणत्याही देवनागरी अक्षरसंचात उमटते.

येथे कोणी विचारील, “हे सर्व जुने झाले. आज तर बहुतेक ब्राउझर एकसारखेच आहेत ना?” ह्यात काही अंशी तथ्य आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली, आणि प्रमाण भाषा ठरविण्याचे काम तिने व तिच्यासारख्या इतर संस्थांनी चिकाटीने चालविले. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये जन्मली व १९९७ मध्ये तिचे प्रमाण रूप ठरले. आज प्रमुख ब्राउझरांच्या पोटात तीनच यंत्रे आढळतात: क्रोम, एज, ऑपेरा ह्यांत ब्लिंक, सफारीत वेबकिट, आणि फायरफॉक्समध्ये गेको. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला हे प्रतिस्पर्धी २०२२ पासून दरवर्षी एकत्र बसून आपापल्या ब्राउझरांतील भेद कमी करण्याचे काम करीत आले आहेत. चुरशीचे रूपांतर सहकार्यात होऊ शकते, ह्याचे हे चांगले उदाहरण होय.

तथापि भेद संपलेले नाहीत; त्यांचे स्वरूप मात्र बदलले आहे. पूर्वी भेद होता तो एका कंपनीच्या ब्राउझरात व दुसरीच्या ब्राउझरात. आज तो बव्हंशी नव्या मोबाइलात व जुन्या मोबाइलात आहे. मोबाइल जुना झाला, त्यातील जागा भरली, की ब्राउझरची नवी आवृत्ती त्यावर चढत नाही. म्हणजे ज्याच्या हाती पैसा कमी, त्याच्या हाती ब्राउझरही जुना. ब्राउझरांतील हा भेद अशा रीतीने नकळत श्रीमंत-गरिबांतील भेद होऊन बसतो.

आमच्या त्या शेतकरी गृहस्थांचे बटण कोठे गेले होते, तेही आता सांगता येईल. पान रचणाऱ्याने ‘पडद्याची पूर्ण उंची घे आणि बटण अगदी तळाशी ठेव’ अशी सूचना दिली होती. परंतु मोबाइलच्या ब्राउझरात वरच्या बाजूस पत्त्याची पट्टी असते, आणि ती कधी दिसते, कधी लपते. मग पूर्ण उंची म्हणजे पट्टी धरून की पट्टी सोडून? ब्राउझर ती पट्टी लपली आहे असे मानून उंची मोजी. पट्टी दिसत असली की पान तेवढ्याने खाली सरके आणि तळाचे बटण पडद्याबाहेर जाई. सुताराच्या पेटीचाच हा नवा अवतार! ही अडचण दूर करणारी नवी मापे २०२२ मध्ये तिन्ही प्रमुख यंत्रांत आली खरी. पण जुन्या ब्राउझरला ती मापे ठाऊकच नाहीत. पान रचणाऱ्याने आपल्या नव्या मोबाइलवर ते पाहिले, त्याला बटण दिसले, आणि तो निश्चिंत झाला.

मोठमोठ्या दुकानांनाही हा धडा शिकावा लागला आहे. २०१५ मध्ये फ्लिपकार्टने मोबाइलच्या ब्राउझरमधून येणारे आपले दार बंद केले आणि ग्राहकांनी आपले ॲपच उतरवून घ्यावे असे धोरण ठेवले. त्याच वर्षी मे महिन्यात मिंत्रानेही आपले संकेतस्थळ बंद करून केवळ ॲपवर व्यापार चालविला. पण ॲप उतरवून घ्यावयास मोबाइलात जागा लागते व चांगले जाळे लागते. फ्लिपकार्टने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘फ्लिपकार्ट लाइट’ ह्या नावाने, ब्राउझरमध्येच हलकेपणाने चालणारे दुकान पुन्हा उघडले, आणि मिंत्राचे संकेतस्थळही २०१६ मध्ये परतले. बंद केलेले दार पुन्हा उघडण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

आणखी एक उदाहरण पाहू. रिलायन्स जिओने २०१७ मध्ये जिओफोन आणला. त्याचा पडदा अवघा २.४ इंचांचा, आणि बोटाच्या स्पर्शाने चालणारा नव्हे. सारे काम कळा दाबून करावयाचे. त्यातील ब्राउझरचे यंत्र फायरफॉक्सच्या २०१६ मधील आवृत्तीचे होते. पडद्यावर वस्तूंची जाळीदार मांडणी करणारी ‘ग्रिड’ नावाची रीत फायरफॉक्समध्ये आली ती मार्च २०१७ मध्ये, म्हणजे त्यानंतर. आता दुकान रचणाऱ्याने पाया नीट घातला असेल, तर ह्या फोनवर वस्तू जाळीत न दिसता एकीखाली एक दिसतील, आणि खरेदी सुखाने होईल. पाया कच्चा असेल, तर वस्तू एकमेकींवर चढतील व बटण कळेच्या टप्प्यातच येणार नाही. फोन एकच, पण रचणाऱ्याच्या दृष्टीप्रमाणे फळ निराळे.

मग उत्तम रचनेची रीत कोणती? जाणकार मंडळींनी अनुभवाने जे नियम ठरविले आहेत, त्यांचे सार असे सांगता येईल. पहिला नियम, आधी पाया, मग कळस. वस्तूचे नाव, किंमत, पत्त्याचे रकाने आणि मागणी पाठविण्याचे बटण ही सर्व साध्या एचटीएमएलमध्येच अशी रचावी, की जावास्क्रिप्ट मुळीच चालली नाही तरी मागणी दुकानापर्यंत पोहोचावी. सजावट व सोयी त्यावर मागाहून चढवाव्यात. दुसरा नियम, ब्राउझरचे नाव विचारू नये, त्याची कुवत विचारावी. नावावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. जुन्या चढाओढीमुळे आजही क्रोम दुकानाला आपली ओळख देताना आरंभी ‘मोझिला’ हेच नाव सांगतो! तेव्हा ‘तू कोण?’ असे न विचारता ‘तुला हे काम येते काय?’ असे विचारावे. येत असेल तर नवी रीत द्यावी, नसेल तर साधी. तिसरा नियम, परीक्षा गरिबाच्या फोनवर घ्यावी. आपल्या टेबलावरील उत्तम संगणकावर पान चालले म्हणजे ते चालले असे नव्हे. जुना मोबाइल, मंद जाळे, लहान पडदा आणि केवळ कळा ह्या चारही कसोट्यांतून ते उतरले पाहिजे. चौथा नियम, बटण दोनदा दाबले गेले तरी मागणी एकच नोंदली जावी. कारण पान अडकले की मनुष्य पुन्हा बटण दाबतो, हा मनुष्यस्वभाव आहे. केंद्र शासनाने २००९ मध्ये सरकारी संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही निरनिराळ्या ब्राउझरांवर पान तपासून पाहण्याची अपेक्षा आहे. जे सरकारी कचेरीला लागू, ते दुकानाला का असू नये?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सर्व ब्राउझरांत पान हुबेहूब सारखे दिसलेच पाहिजे, असा आग्रह मात्र कोणी धरू नये. लग्नघरी पंगतीत कोणाला ताट मिळते, कोणाला पत्रावळ. पण भात सर्वांच्या पानात पडला म्हणजे यजमानाचे कर्तव्य पार पडले. तसेच येथे. दिसणे निराळे असले तरी चालेल. चालणे मात्र सर्वत्र सारखे असावे.

विद्यार्थिमित्रहो, ह्याचा पडताळा तुम्हांस शाळेच्या संगणकावरच घेता येईल. नोटपॅडमध्ये एक लहानसे दुकान लिहा: वस्तूचे नाव, किंमत, नगसंख्येचा रकाना, तारखेचा रकाना आणि एक बटण. हा लेख ‘दुकान.एचटीएमएल’ ह्यासारखे नाव देऊन जतन करा. नावाचा शेवटचा भाग मात्र रोमन लिपीत हवा. मग तो क्रोममध्ये उघडा व फायरफॉक्समध्ये उघडा. तारखेचा रकाना दोहोंत निराळा दिसेल. पण तारीख दोहोंतही निवडता येईल. नंतर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जावास्क्रिप्ट बंद करा आणि तुमचे दुकान अजून उघडे आहे काय ते पाहा. पुढे उंदीर बाजूला ठेवून केवळ टॅब व एंटर ह्या कळांनी बटणापर्यंत पोहोचून पाहा. एका तासिकेचा हा प्रयोग आहे, पण त्यातून मिळणारा बोध पुष्कळ दिवस पुरेल.

आणि जे दुकान रचीत नाहीत, केवळ खरेदी करतात, त्यांनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पान अडकले तर ब्राउझरची नवी आवृत्ती मिळते काय ते पाहावे, अथवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच दुकान उघडावे. पैसे भरताना पान थांबले तर मात्र घाईने पुन्हा पैसे भरू नयेत. बँकेचा संदेश आला आहे काय, खात्यातून रक्कम वजा झाली आहे काय, हे प्रथम पाहावे.

आमच्या जिल्ह्याची केळी ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ ह्या योजनेत निवडली गेली आहेत. उद्या तुमच्यापैकी कोणी केळ्याच्या वेफर्सचे किंवा केळीच्या धाग्याच्या वस्तूंचे दुकान आंतरजालावर उघडील, आणि ते खकनारमधून मुंबईला व मुंबईहून परदेशी पोहोचेल. तसे झाले तर आम्हांस मोठा आनंद होईल. पण तो दिवस उजाडेल तेव्हा एक काम विसरू नका. दुकान उघडण्याच्या आदल्या दिवशी गावातील एखाद्या जुन्या मोबाइलवाल्या काकांना बोलवा, त्यांच्या हाती त्यांचाच फोन राहू द्या, आणि काही न सांगता त्यांना एक वस्तू मागवू द्या. ती मागणी बिनबोभाट नोंदली गेली, तर दुकान उघडा. नाही गेली, तर काकांना काही शिकवीत बसू नका. दुकान दुरुस्त करा.